माझ्या आधी उघडलेलं टपाल

माजलगाव,
१८ जानेवारी २००६

वनमाला,

हे पत्र ब्रेलमध्ये आलेलं पाहून तू हसशील. अंधशाळा सोडल्यापासून पाटी आणि टोचणी कपाटातच होती. हात सुटलेला आहे, अंगठा दुखतो. तरी मेलवर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. तूही मेलवर कामाचं काही लिहू नकोस. थंडीचं लिही, हॉस्टेलच्या जेवणाचं लिही. मेल बंद मात्र करू नकोस, नाहीतर त्याला कळेल.

कुणाला, ते मला अजून माहीत नाही.

तू डिसेंबरात पाठवलेल्या सीडीवरून मी नवा ब्राउझर टाकला. तू म्हणालीस तसंच झालं. मध्येच उगवणारे जाहिरातींचे चौकोन बंद झाले आणि स्क्रीन रीडर मोठ्याने वाचता वाचता अर्ध्या वाक्यातून दुसरीकडे पळायचा थांबला. आठवडाभर चुकीच्या कळा दाबल्या, मग बोटांना सवय झाली. एक जानेवारीपासून मी जुना ब्राउझर उघडलेला नाही. हे लक्षात ठेव, पुढचं सगळं यावर उभं आहे.

परवा पंपाच्या कंपनीचं दरपत्रक बघायचं होतं. ते पान नव्यात नीट उघडत नाही, म्हणून जुना उघडला. दर ऐकले आणि सवयीने माझ्या मेलच्या पानाचा पत्ता टाइप केला. त्याने पासवर्ड विचारला नाही. मी थेट आत. कधीतरी 'पासवर्ड लक्षात ठेवू का' असा चौकोन आला असणार आणि जाहिरात समजून मी एंटर मारला असणार. ती चूक माझी.

पण पुढचं माझं नाही. तुला हे समजावून सांगायला नको, तरी सांगते, कारण एक दिवस मला हे घरातल्या डोळसांसमोर सिद्ध करावं लागेल. त्याची तालीम समज. एखादी लिंक त्या ब्राउझरमधून आधी उघडली गेली असेल तर तिचा रंग बदलतो. डोळसांना तो रोज दिसतो, म्हणून ते तिकडे लक्ष देत नाहीत. आपला रीडर रंग सांगत बसत नाही. तो सरळ म्हणतो, 'व्हिजिटेड लिंक'. जानेवारीत आलेल्या माझ्या टपालावर मी बाणाच्या कळीने खाली उतरत गेले आणि तो म्हणत गेला, व्हिजिटेड लिंक, व्हिजिटेड लिंक. तुझ्या संक्रांतीच्या मेलवरही. ती मी नव्यात वाचली होती, जुन्याला तिचा पत्ताही असायला नको. आणि त्याच सकाळी आलेलं एक टपाल, जे मी अजून कुठेच उघडलं नव्हतं, तेही व्हिजिटेड. वाचून झाल्यावर त्याला 'न वाचलेलं' अशी खूण परत लावून ठेवली आहे. म्हणजे चुकून झालेलं नाही.

कॉम्प्युटरचं मशीन पंपांच्या दुकानामागच्या खोलीत आहे, त्या खोलीचं दुसरं दार घरात उघडतं. अप्पा कळफलकाला हात लावत नाहीत. आईला वाचता येत नाही. वहिनी त्या खोलीत चहा ठेवायला येते तेवढीच. उरला केदारदादा.

आणखी एक. सोमवारी संध्याकाळी अप्पा, आई आणि मी महादेवाला जातो. परत आल्यावर स्पीकरचं बटण शून्यावर असतं. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "मी कावून हात लावू त्याला? ती तुझी मशीनमधली बाई बोलाया लागली की गिऱ्हाईक हसतंय, तरी म्या कधी बंद केली का?"

उत्तर गुळगुळीत होतं.

पुण्याच्या संस्थेतल्या संगणक शिकवायच्या जागेसाठी मी अर्ज केला आहे हे फक्त तुला माहीत आहे. बोलावणं मेलवरच येणार. ते माझ्या आधी दुसऱ्याच्या हाती पडलं तर मला कधी कळणारही नाही. बाकी कुणी काय वाचायचं ते वाचो.

पाकिटावरचा पत्ता वहिनीकडून लिहून घेते आहे. आतलं तिला दिसेल, वाचता येणार नाही.

कावेरी


औरंगाबाद,
२४ जानेवारी

कावेरे,

तुझं पत्र आलं आन् मी बोर्डवर बसल्या बसल्या टेबलाखाली वाचलं. एका हाताने दवाखान्याचे फोन जोडत होते. बाळंतपणाच्या वॉर्डाचा फोन हाडाच्या डॉक्टरला गेला, ते तुझ्या नावावर.

आता ऐक. पासवर्ड बदल ना बये! दोन मिनिटांचं काम हाय. चोर घरात हाय म्हणतीस आन् किल्ली फळीवर ठेवून बसतीस.

आन् केदारदादावर एवढा संशय कावून? मी तुझ्याकडं राहून गेलेली हाय. तो माणूस मोटारीचं वायंडिंग सोडून दुसऱ्या कशात डोकं घालत न्हाई. माझ्याशी बोलताना दरवेळी मोठ्यानं बोलतो, जसं काय मला ऐकू येत न्हाई. असला माणूस वाचून झाल्यावर 'न वाचलेलं' खूण परत लावील? त्याला पेनाचं टोपण परत लावता येत न्हाई.

पण तू म्हणतीस तर असंल. चकलांब्याला आमच्या भावकीत बांधावरून भांडणं झाली तवा शेवटी कोण निघालं? जो सगळ्यात जास्त रडत होता तोच. तवा मी कुणाचीच हमी देत न्हाई.

तुझं डेमोचंच, फुकटातलंच चालू हाय ना अजून? चाळीस मिनिटं झाली की रीडर गप, मशीन पुन्हा चालू करा. माझं पण तेच. एकदा मी एकीशी भांडण लिहीत होते मेलवर, ऐन शिवीवर तो गप झाला. मशीन चालू होईपर्यंत राग गेला.

पुण्याहून काही आलं का? आलं तर लगेच कळव. न्हाई आलं तरी कळव.

वनमाला


माजलगाव,
३० जानेवारी

वनमाला,

पासवर्ड बदलणार नाही. बदलला तर त्याला कळेल की मला कळलं, आणि मग तो दुसरी वाट शोधेल. मला दार बंद करायचं नाही. दारात कोण उभं आहे ते हवं आहे.

पुण्याहून काही आलेलं नाही. मी रोज दोनदा बघते, इनबॉक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दादाबद्दल तू जे लिहिलंस ते आठवड्यापूर्वी मलाही पटलं असतं. पण परवा जेवताना तो एकदम म्हणाला, "पुण्याला थंडी लई असती म्हणं औंदा." कुणी पुण्याचा विषय काढला नव्हता. आईने विचारलं, तुझं काय अडलंय पुण्याच्या थंडीशी? तो म्हणाला, "काई न्हाई, आपलं असंच." वहिनीच्या हातातलं पळीतलं वरण ताटाबाहेर सांडलं, तेव्हा सगळे तिकडे वळले आणि विषय संपला. मी नुसती ऐकत होते. माणूस 'असंच' म्हणतो तेव्हा ते असंच नसतं.

त्याला मी जायला नको आहे, हे मला माहीत आहे. ऊस उभा आहे, धरणाचं पाणी सुटतं आहे, सगळ्या तालुक्याच्या मोटारी याच दिवसांत जळतात. फोनवर ऑर्डर घेणं, कंपन्यांना मेल करणं, कुणाची मोटार किती हॉर्सपॉवरची ते तोंडपाठ ठेवणं, हे सगळं माझ्याकडे आहे. तो लोकांना सांगतो, "आमच्या कावेरीला दिसत न्हाई पर तिच्यावाचून दुकान आंधळं हाय." लोक हसतात. तोही हसतो. मी ते वाक्य पुष्कळदा ऐकलं आहे. त्यात माझं कौतुक किती आणि मला बांधून ठेवणं किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता एक विचारते. तू गेल्या पत्रात पुण्याबद्दल विचारलंस, त्याआधीच्या दोन मेलमध्येही विचारलंस. 'न्हाई आलं तरी कळव' असं तू लिहिलंस. न आलेल्या टपालाची तुला एवढी घाई का? तुला काय माहीत आहे?

कावेरी


औरंगाबाद,
४ फेब्रुवारी

कावेरे,

तू वकील व्हायला पाहिजे होतीस. बिचारा आरोपी जज्जाच्या आधी तुझ्यापुढंच कबूल झाला असता.

बरं, घे कबुली. त्या जागेला मी पण अर्ज केलता. तुला सांगितलं न्हाई. जागा एकच हाय, आन् आपल्या वर्गात तू कायम पहिली. म्हटलं, आपलं होणार न्हाईच, उगाच सांगून कशाला हसं करून घ्यावं. मग बोलावणं आलं. मला. बारा जानेवारीला. तुझं आलं का म्हणून विचारत राहिले, तू न्हाई म्हणत राहिलीस. आता मला आलं आन् तुला न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून थांबले. थांबले ते चुकलं, आता ओरडू नको.

पण नीट ऐक. मी काल संस्थेत फोन लावला, बोर्डवर बसण्याचा तेवढा फायदा. बाईंना विचारलं, माजलगावच्या कावेरी गुरुपाद शेटे यांना बोलावलंय का? त्या म्हणाल्या, त्यांना पण त्याच दिवशी पाठवलंय, त्यांचं अजून उत्तर न्हाई. पंधरा फेब्रुवारीपर्यंत येते म्हणून कळवलं न्हाई तर नाव काढणार.

म्हणजे तुझं बोलावणं निघालं होतं. तुझ्यापर्यंत पोचलं न्हाई.

मला तुझ्या दादाबद्दल वाईट बोलायचं न्हाई. पण आता मी हमी पण देत न्हाई.

वनमाला


माजलगाव,
८ फेब्रुवारी

वनमाला,

तू अर्ज केलास ते लपवलंस याबद्दल आत्ता बोलत नाही. नंतरही बोलेन असं नाही. फोन केलास, ते बरं केलंस.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी लगेच मशीन सुरू केलं. बोलावणं इनबॉक्समध्ये आहे.

नीट वाच. रविवारी ते तिथे नव्हतं. मी रविवारी यादी पूर्ण ऐकली होती, मला क्रम पाठ आहे. बारा जानेवारीला पाइपवाल्यांचं एक आणि तुझं एक, एवढंच होतं. काल त्या दोघांच्या मध्ये संस्थेचं पत्र होतं. न वाचलेलं. मग जुन्या ब्राउझरमध्ये जाऊन तीच ओळ ऐकली. व्हिजिटेड लिंक.

म्हणजे कुणीतरी ते काढून घेतलं होतं आणि परवा, सोमवारी, परत आणून ठेवलं. स्पीकरचं बटण परवाही शून्यावर होतं. काढलं का, ते समजतं. परत का ठेवलं, ते समजत नाही. कीव आली असेल तर मला ती नको आहे.

'येते' असं उत्तर मी काल लगेच पाठवलं. फोन करून पोचल्याची खात्रीही केली. मुलाखत शिवरात्रीनंतर आहे. घरात कुणाला काही बोललेले नाही.

आता एक काम कर. शुक्रवारी मला मेल पाठव. लिही की रविवारी दुपारी तू इकडे येते आहेस, पुण्याचं बोलायला, दादा दुकानात नसेल अशा वेळी. मी आधीच कुणाला सांगू नये असंही लिही. नेहमीसारखं लिही, संशय येऊ नये. दादा रविवारी बाराला धरणाकडे मित्रांत जातो, कधी चुकवत नाही. या रविवारी तो घरी थांबला, तर मला उत्तर मिळालं.

तू यायचं नाहीस.

कावेरी


(मेल)
१० फेब्रुवारी

कावेरे, रविवारी येते गं! बीडची गाडी धरून दुपारी एकपर्यंत तुझ्या दारात. पुण्याचं बोलू निवांत, तुझा दादा बाहेर गेल्यावर. आधी कुणाला सांगू नको, वहिनीला उगाच कामाला लावशील. अचानक आल्यासारखं करू. पोटात काय असंल ते चालंल. हुलग्याचे शेंगोळे खाऊन किती दिवस झाले ते मात्र विचारू नको, हॉस्टेलात हुलगा म्हणजे काय ते ठाऊक न्हाई कुणाला. थंडी लई हाय. वनमाला.


माजलगाव,
१३ फेब्रुवारी

वनमाला,

रविवारचं क्रमाने सांगते.

आधी शनिवार. संध्याकाळी वहिनी स्वतः गिरणीत जाऊन आली. एरवी दळण गडी नेतो. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा मी विचारलं, काय दळलं? "ज्वारी," ती म्हणाली. पिशवीला ज्वारीचा वास नव्हता. मी एका वासावर काही ठरवत नाही.

रविवारी बाराला दादाने मोटारसायकल काढली. आई म्हणाली, जेवून जा. तो म्हणाला, "तिकडं हुरडा हाय, आई." मी विचारलं, दादा, आज थांबणार नाहीस? "कावून? तुला काय आणायचंय?" आणि गेला. मी आवाज वळणापर्यंत ऐकला. परत आला नाही. माझा सगळा हिशेब दादावर मांडलेला होता आणि तो हुरडा खायला निघून गेला.

मग स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. त्यामागून हुलग्याच्या पिठाचा.

अप्पा ओसरीवरून म्हणाले, "शेंगोळे? आज कुणीकडं सूर्य उगवला?"

वहिनी म्हणाली, "थंडी हाय म्हणून केले, मामंजी."

आई म्हणाली, "अगं, पर एवढे? सहा माणसाचे केलेस. केदार बी न्हाई घरात."

वहिनीने पळी कढईच्या काठावर आपटली.

आम्ही जेवलो. ती वाढत होती आणि दर थोड्या वेळाने समोरच्या दारापर्यंत जाऊन येत होती. तिच्या जोडव्यांचा आवाज मी मोजला नाही, पण तो पुरेसा होता. दीड वाजून गेला. अप्पा, आई आडवे झाले. मी स्वयंपाकघरात गेले. तिने शेंगोळ्यांवर ताट झाकलं, ते मी ऐकलं.

मी म्हटलं, "वहिनी, बीडची गाडी येऊन गेली का?"

ती म्हणाली, "गेली की. मगाशीच. पर त्यातनं कुणी..."

आणि थांबली.

मी पण थांबले. वनमाला, मी या क्षणाची तालीम केली होती, पण दादासमोर. तिच्यासाठी माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. तीन आठवडे मी संशय घेत होते, आणि चहा ठेवायला येते ती बाई मी यादीतही घेतली नव्हती. दुकानात येणारे लोक माझ्याबद्दल तसंच करतात. समोर बसलेली असते आणि विचारतात, दुकानात कुणी हाय का?

शेवटी तीच बोलली. "तुमाला कळलंय."

"कधीपासून वाचताय?"

"दिवाळीपासनं."

"पासवर्ड?"

"म्या न्हाई चोरला. त्या मशीनलाच ठावं होता. एकदा धूळ पुसाया गेले तवा उघडंच होतं. वनमालाताईंचं पत्र होतं, त्या कुण्या मॅट्रनच्या दाताच्या कवळीचं. लई हसले म्या. मग पुढलं काय झालं ते बघाया दुसऱ्या सोमवारी बसले. त्या बाईचा आवाज दुकानात ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बटण बारीक केलं."

"परत मोठं का नाही केलं?"

"इसरायचे," ती म्हणाली. "तुमी देवळातनं लवकर यायच्या."

मी विचारलं, माझं पुण्याचं पत्र काढून का घेतलंत?

आता मात्र ती चिडली. "म्या काढलं? ताई, म्या घातलं! तुमचं पत्र कचऱ्यात पडलेलं होतं. डाव्या अंगाला ती यादी हाय बघा, त्यात फालतू पत्रं पडतात ती जागा. तिथं एक महिना पडून होतं. तुमी तिकडं जातच न्हाई. म्या रोज, खोली मोकळी दिसली की, बघायची, आलं का, आलं का. मग गेल्या सोमवारी म्हटलं, कचऱ्यात बी बघावं. तारीख जवळ आलेली. उचलून वर ठिवलं. तोंडानं सांगता येईना, मग काय करू?"

वनमाला, ती डावीकडची यादी मी नेहमी ओलांडून जाते. पान उघडलं की एक कळ दाबून थेट टपालावर उतरते, वेळ वाचतो. नव्या ब्राउझरमध्ये तर मी त्या यादीवर एकदाही थांबलेली नाही. मी चाळीस मिनिटांत बसवलेलं माझं सगळं शिस्तीचं काम, आणि त्या शिस्तीनेच मी ते पत्र महिनाभर ओलांडत होते.

मी म्हटलं, तुम्हाला माझ्या पत्राची एवढी वाट का?

ती मग हळू म्हणाली, "माहेरी उमापूरला म्या बारावीला सायन्स घेतलं होतं. टायपिंगची परीक्षा बी दिलती. इथं आल्यावर मामंजी म्हणाले, आपल्यात सुना दुकानात बसत न्हाईत. पोरगी बसली तर चालती, सून न्हाई. तुमी हाय तवर ती खुर्ची मोकळी व्हायची न्हाई. तुमी गेल्या तर त्यांना दुसरं कुणी हाय का? म्हणून म्या वाट बघत होते, ताई. खोटं कशाला बोलू. तुमच्या चांगल्यासाठी न्हाई."

एवढं स्वच्छ उत्तर मला या घरात आजवर कुणी दिलेलं नाही.

"आणि शेंगोळे?" मी विचारलं. "एवढं लपवून ठेवलंत तीन महिने, आणि हुलगे दळून आणले?"

ती म्हणाली, "पाहुणी लांबून येणार, एक पदार्थ मागितलाय, आन् मला ठावं हाय. मग न करता कशी बसू? ते व्हत न्हाई मला."

दादाच्या थंडीचंही विचारलं. त्याला या महिन्यात कंपनीच्या मीटिंगला पुण्याला जायचं आहे, त्याला नवं स्वेटर हवं होतं. एवढंच. वहिनीला वाटलं होतं, दादानेही मेल वाचली, म्हणून तिचं वरण सांडलं.

तिचं म्हणणं असं: तिने वाचल्याचं मी कुणाला सांगायचं नाही, आणि पुण्याचं ठरलं तर दुकानाचं ती अप्पांशी बोलेल. मी हो म्हटलेलं नाही. तिने माझी पत्रं वाचली हे खरं आणि त्यामुळेच माझं पत्र मला मिळालं हेही खरं. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर एकही लहान होत नाही.

पासवर्ड मी काल बदलला.

शेंगोळे चांगले झाले होते. तुझा वाटा मी खाल्ला.

कावेरी


औरंगाबाद,
१९ मार्च

कावेरे,

तुझी निवड झाली, मला संस्थेतून फोनवरच कळलं. माझी न्हाई झाली, ते पण त्यांनीच सांगितलं. एका फोनात दोन्ही, पैसे वाचले.

मुलाखतीत त्या साहेबांनी मला विचारलं, विद्यार्थ्याला ब्राउझर बदलायला कसं शिकवाल? मी म्हटलं, साहेब, सासरी गेल्यासारखं हाय. भांडी तीच, फळ्या वेगळ्या. पहिला महिना हात चुकतो, मग सवय होते. ते हसले. तुला तेच विचारलं तेव्हा तू कळांची सगळी यादी सांगितलीस म्हणे. हसवणाऱ्याला नोकरी देत न्हाईत, हे मला आधी कळायला पाहिजे होतं.

मला वाईट वाटलं. दोन दिवस बोर्डवर सगळ्यांना चुकीचे फोन जोडले. आता बरी हाय.

पण खरं सांग, अप्पा तुला धाडायला तयार कसे झाले? आन् ती बाई खुर्चीत बसली का? माझी शेंगोळ्यांची उधारी तिच्याकडं हाय, तुझ्याकडं न्हाई.

वनमाला


(मेल, इंग्रजी अक्षरांत मराठी)
माजलगाव, २२ एप्रिल

ताई,

दुकान ठीक हाय. धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं, रोज मोटारी येतायत. मामंजी पहिले आठ दिवस माझ्या खुर्चीकडं पाठ करून बसले. मग एक जण विचारत होता, साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीला कोणतं स्टार्टर, तर मामंजी पाठ न वळवता म्हणाले, "तिला इचार, तिला ठावं हाय." तेव्हापासनं सरळ बसतायत. तुमच्या दादांना अजून वाटतं की मला खुर्चीत बसवायचं हे त्यांच्याच डोक्यातनं निघालं. वाटू द्या.

तुमी मला नवा ब्राउझर शिकवून गेल्या, माझं वेगळं खातं काढून दिलं. पण खात्यात पंपवाले सोडून कुणी लिहीत न्हाई. खरं लिहिते. तुमच्या पत्रांची सवय लागली होती. आता सोमवारी सगळे देवळात गेले की घर खायला उठतं. वनमालाताईंची कवळीवाली मॅट्रन पुढं काय झाली ते बी कळलं न्हाई.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत तुमची ती टोचलेली पत्रं आली, ती पण म्या उघडली होती. उन्हात धरली, बोटं फिरवली, उलटी करून बघितली. काही कळलं न्हाई. परत तशीच ठेवली. आता सांगून टाकलं.

शिवानी


पुणे,
२६ एप्रिल

वनमाला,

विचारलं होतंस, अप्पा तयार कसे झाले. ते तयार झाले नाहीत. वहिनी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत जाऊन बसली, त्याच वेळी तीन मोटारी आणि दोन फोन एकदम आले. अप्पा म्हणाले, "हंगाम होईपर्यंत." हंगाम कधी संपणार ते कुणी विचारलेलं नाही.

इथे माझ्या वर्गात आठ मुली आहेत. रीडर डेमोचा नाही, सबंध आहे. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं झाली तरी तो बोलतच राहिला आणि मी वाट बघत बसले. पहिला धडा ठरवला आहे: डावीकडची यादी ओलांडू नका.

वहिनीची मेल आली, ती तुला फोनवर वाचून दाखवेन. माझ्या यादीत ती आली तेव्हा रीडर म्हणाला, 'लिंक'. फक्त लिंक. मी दोनदा ऐकून घेतलं. माझ्या आधी तिथे कुणी गेलेलं नव्हतं. लिहिणारी सोडून.

ती मेल वाचल्यावर मला पुन्हा राग आला. ब्रेलसुद्धा! मी पत्ता तिच्याकडून लिहून घेत होते आणि ती तुझी उत्तरं उन्हात धरत होती. एक दिवस उत्तर दिलं नाही.

आज दिलं. पाटी काढली आणि तिला दोन पानं लिहिली, ब्रेलमध्ये. मॅट्रनच्या कवळीचं पुढे काय झालं ते सगळं त्यात आहे, आणि शेवटी आणखी थोडं आहे, जे मी तिला तोंडावर बोलले नव्हते. ते काय, ते तुलाही सांगणार नाही. सोबत ब्रेलची मुळाक्षरं पाठवलेली नाहीत.

कचऱ्यातून पत्र शोधून काढणारी बाई आहे. तिला म्हणावं, वाच.

कावेरी